वाचकांचे प्रश्न : घरी बनवलेल्या आर्केड कॅबिनेटची चित्रसजावट

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच विषयावरची आहेत. सुतारकाम पूर्ण झाले, वायरिंग झाले, खेळ सुरू झाले. पण समोर उभे आहे ते अजून एक उंच, कोरे कपाटच. ते आर्केड कॅबिनेट, म्हणजे खेळघरांतल्या व्हिडिओ खेळांचे यंत्र, वाटावे यासाठी त्याच्यावर चित्रे कोणती, कशी आणि कशावर करावीत, असे वाचक विचारतात. हा विषय मला अत्यंत जिव्हाळ्याचा असल्यामुळे हे पूर्ण सदर त्यालाच दिले आहे.

प्रश्न : माझे कॅबिनेट पूर्ण उंचीचे, एमडीएफचे (दाबलेल्या लाकडी भुशाच्या फळीचे) आहे. त्यात अनेक जुने खेळ भरले आहेत. दोन्ही बाजू, माथा आणि बटणांचे पॅनल या सर्व ठिकाणी आवडत्या पात्रांची चित्रे लावावीत असे वाटते, पण जुळवणी केली की सारा गोंधळ दिसतो. सुरुवात कुठून करावी?

उत्तर : संगणकावर चित्रे जमवू लागण्यापूर्वी एक काम करा. कॅबिनेट जिथे कायमचे राहणार आहे तिथे ते उभे करा आणि खोलीच्या दारातून त्याच्याकडे पाहा; मग चार पावले पुढे या; मग खेळायला उभे राहतो तसे उभे राहा. या तीन जागांवरून तुम्हाला कॅबिनेटचे तीन वेगवेगळे भाग दिसतील. दारातून दिसते ती माथ्यावरची उजळणारी पट्टी, म्हणजे मार्की. चार पावलांवरून दिसतात बाजूची पॅनले, आणि तीही बहुधा एकच, कारण दुसरी भिंतीकडे जाते. खेळताना दिसतो तो पडदा, त्याभोवतीची चौकट म्हणजे बेझल आणि हातांखालचे कंट्रोल पॅनल. प्रत्येक भाग कोणत्या अंतरावरून आणि कोणत्या उजेडात पाहिला जाणार, यावरून त्यावरचे चित्र किती मोठे, किती बारकाव्यांचे आणि किती गडद असावे हे ठरते. तुमच्या जुळवणीत गोंधळ दिसतो, कारण एकाच आकाराची आणि एकाच ठसठशीतपणाची पात्रे तुम्ही सगळीकडे पसरली आहेत.

जुन्या कॅबिनेटांकडे या नजरेने पाहिले की पुष्कळ शिकता येते. १९७२ मधल्या ‘पाँग’च्या खोक्यावर सजावट जवळजवळ नव्हतीच. पुढे खेळघरांत यंत्रांची गर्दी झाली तेव्हा प्रत्येक कॅबिनेटला दुरून हाक मारणे भाग पडले. यंत्रे एकमेकांना खेटून रांगेत उभी असल्यामुळे बाजू झाकल्या जात आणि हाक मारण्याचे काम मार्कीकडे येई. म्हणून तिच्यावर मोठे नाव आणि फार तर एखादे चित्र असे. बाजूंवरची चित्रे पुष्कळदा स्क्रीन प्रिंटिंगने छापली जात. त्या पद्धतीत प्रत्येक रंगासाठी स्वतंत्र जाळी लागते आणि प्रत्येक जाळीमागे खर्च व वेळ वाढतो, म्हणून चित्रकार मोजके सपाट रंग आणि जाड काळ्या रेषा वापरत. आज ज्या शैलीला आपण आर्केडची शैली म्हणतो ती बऱ्याच अंशी या अडचणीतून घडली आहे. तुमच्या छपाईवर ते बंधन नसले, तरी ते स्वतःहून स्वीकारावे असे मी आग्रहाने सांगेन. बटणांचे आणि कडेच्या टी-मोल्डिंगचे (फळीच्या कडेत ठोकायच्या प्लास्टिकच्या पट्टीचे) जे रंग आहेत त्यांतून चार-पाच रंग निवडा आणि मार्की, बाजू, बेझल व कंट्रोल पॅनल हे चारही भाग त्याच रंगांत बांधा. कॅबिनेट एकसंध दिसू लागण्यासाठी याहून परिणामकारक उपाय मला माहीत नाही.

अनेक खेळांच्या कॅबिनेटवर अनेक खेळांची पात्रे हवीतच असे नाही. स्वतःच्या कॅबिनेटला एक नाव द्या, त्या नावाला शोभेल असे एक दृश्य कल्पा आणि तेच सर्व भागांवर वाढवत न्या. एका परिचिताने आपल्या मुलीच्या वहीतले समुद्री राक्षसाचे चित्र घेतले. बाजूच्या पॅनलवर त्या राक्षसाची एकच सोंड खालून वर चढते, मार्कीवर त्याचा एक डोळा आहे आणि कंट्रोल पॅनलवर फक्त पाण्याच्या लाटा आहेत. तिथे एकही प्रसिद्ध पात्र नाही, तरी खोलीत शिरणारा प्रत्येक माणूस आधी त्या डोळ्याकडेच पाहतो.

प्रश्न : बाजूच्या पॅनलसाठी मोबाइलने काढलेले एक छायाचित्र आणि इंटरनेटवर मिळालेले एक चित्र आहे. दोन्ही पडद्यावर उत्तम दिसतात. छपाईत फाटतील, म्हणजे धूसर दिसतील का? फाइल किती मोठी हवी?

उत्तर : हिशेब करून पाहू. पॅनल १७५ सेंटिमीटर उंच आणि ७५ सेंटिमीटर रुंद आहे असे धरले आणि इंचाला १५० ठिपके ठेवले, तर चित्र सुमारे १०,३०० गुणिले ४,४०० पिक्सेलचे लागते. मोबाइलचे छायाचित्र ४,००० गुणिले ३,००० पिक्सेलचे असेल, तर ते त्या उंचीवर ताणल्यावर इंचाला जेमतेम ५८ ठिपके उरतात. दोन मीटरांवरून ते कदाचित चालून जाईल, पण पात्राच्या चेहऱ्याजवळ कोणी वाकून पाहिले की कडा विरघळलेल्या दिसतील. बाजूच्या पॅनलसाठी प्रत्यक्ष मापात १०० ते १५० ठिपके पुरतात; कंट्रोल पॅनल मात्र डोळ्यांपासून हातभर अंतरावर असते, म्हणून तिथे ३०० ठेवा. लहान चित्र सॉफ्टवेअरमध्ये मोठे केल्याने आकडा वाढतो, तपशील वाढत नाही.

सपाट रंगांची शैली स्वीकारली असेल तर या अडचणीतून पूर्ण सुटका होते, कारण तसे चित्र व्हेक्टर स्वरूपात, म्हणजे पिक्सेलऐवजी रेषा आणि आकारांच्या रूपात, पुन्हा रेखाटता येते आणि व्हेक्टर चित्र कितीही मोठे केले तरी कडा स्वच्छ राहतात. इंकस्केप हे मोफत सॉफ्टवेअर त्यासाठी पुरेसे आहे. आपोआप रेखाटन करून देणाऱ्या सोयीवर विसंबू नका; ती शेकडो वेडेवाकडे बिंदू टाकते. मूळ चित्र खालच्या थरावर ठेवून आपण हाताने रेषा ओढाव्यात. दोन-तीन संध्याकाळी जातात, पण त्या रेषा तुमच्या होतात.

माप मात्र आराखड्यावरून घेऊ नका. घरी कापलेली दोन पॅनले एकमेकांशी क्वचितच तंतोतंत जुळतात. मोठा तपकिरी कागद पॅनलला चिकटवून कडेने पेन्सिल फिरवा, डाव्या बाजूचा आणि उजव्या बाजूचा साचा वेगळा काढा आणि सर्व बाजूंनी निदान दोन सेंटिमीटर चित्र जास्त ठेवा. दुसऱ्या बाजूसाठी चित्र आरशासारखे उलटवताना अक्षरे उलटी होणार नाहीत हेही पाहा. खालच्या वीतभर भागात चेहरा किंवा नाव ठेवू नये, कारण तिथे पाय लागतात, झाडू लागतो आणि ओरखडे पडतात.

प्रश्न : मार्कीचे चित्र चांगल्या कागदावर छापून दोन ॲक्रिलिक शीटांमध्ये बसवले. दिवा बंद असताना सुरेख दिसते. दिवा लावला की रंग उडतात, काळा भाग करडा होतो आणि एलईडींचे ठिपके दिसतात. काय चुकले?

उत्तर : तुमचे चित्र चुकलेले नाही; ते दुसऱ्या प्रकारच्या उजेडासाठी छापले गेले आहे. समोरून उजेड पडतो तेव्हा किरण शाईच्या थरातून आत जातात, कागदावर आपटतात आणि त्याच थरातून परत बाहेर येतात, म्हणजे शाईतून दोनदा जातात. मागून उजेड येतो तेव्हा ते एकदाच जातात. त्यामुळे तीच शाई निम्म्याने पातळ असल्यासारखी भासते. मागून उजळणाऱ्या चित्राला म्हणूनच दाट शाई लागते. त्यासाठी बॅकलिट फिल्म नावाचे वेगळे माध्यम मिळते. ती दुधी, अर्धपारदर्शक असते, तिच्यावर जास्त शाई बसते आणि उजेडही पसरतो. छापणाऱ्याला चित्र मागून उजळणार आहे हे स्पष्ट सांगा.

काळा भाग करडा होण्याचे कारणही तेच आहे. केवळ काळी शाई वापरली की मागचा उजेड तिच्यातून झिरपतो. काळ्यासोबत निळी, किरमिजी आणि पिवळी शाईही मिसळलेला दाट काळा मागा. तरीही झिरपत असेल तर फिल्मच्या मागच्या बाजूस, फक्त काळ्या भागापुरता, काळा पुठ्ठा किंवा काळी चिकटपट्टी लावता येते. जुन्या मार्की बहुधा पारदर्शक शीटच्या मागच्या अंगाला उलट्या छापल्या जात आणि त्यांच्या अपारदर्शक काळ्यातून उजेड येत नसे. अक्षरे अंधारात तरंगल्यासारखी वाटत ती त्यामुळेच.

ठिपक्यांसाठी दोन उपाय आहेत, आणि दोन्ही करावेत. मार्कीमागची पेटी आतून पांढरी रंगवा आणि एलईडी पट्टी चित्राकडे तोंड करून लावण्याऐवजी मागच्या किंवा खालच्या पृष्ठभागाकडे वळवा, म्हणजे उजेड आपटून, पसरून पुढे येईल. शिवाय मागची ॲक्रिलिक शीट पारदर्शक न घेता दुधी घ्या. ठिपके चित्रापासून जितके दूर तितके ते विरतात.

एक सवय लावून घेण्यासारखी आहे. मोठी छपाई करण्याआधी मार्कीच्या चित्राचा तळहाताएवढा तुकडा त्याच फिल्मवर छापून घ्या आणि तो स्वतःच्या पेटीसमोर धरून पाहा. मी पहिल्यांदा असे केले तेव्हा पिवळी अक्षरे इतकी झगमगली की शेजारची नारिंगी किनार नाहीशीच झाली, आणि संगणकावर ज्या गडद जांभळ्या पार्श्वभूमीवर मी आठवडाभर मेहनत घेतली होती तिच्यातला एकही तारा दिसेना. अक्षरांभोवती पाच मिलिमीटरांची काळी रेषा टाकली आणि जांभळा दोन पायऱ्या उजळ केला, तेव्हा ते नाव दारातून वाचता आले. पडद्यावरचा झगझगीत निळा आणि पोपटी कोणत्याही छपाईत तसाच उतरत नाही, कारण पडदा उजेडाने रंग बनवतो आणि छपाई शाईने. तेव्हा फाइल सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्या चार शाईंच्या रंगपद्धतीत, बदलून आधीच पाहावी आणि मनातल्या मनात त्या रंगांचा निरोप घ्यावा.

प्रश्न : बेझलवरही चित्र हवे की तो काळाच ठेवावा?

उत्तर : पडद्याला लागून असलेला किमान तीन-चार सेंटिमीटरांचा भाग काळा आणि बिनचमकीचा ठेवा. तिथे उजळ चित्र असेल तर पडद्याचा उजेड त्याच्यावर पडतो आणि डोळा सारखा तिकडे ओढला जातो. त्यापलीकडे, कोपऱ्यांत, मंद रंगांचे चित्र चालेल. खेळाच्या दृश्याभोवती सजावट करण्याची एक फार सुंदर जुनी रीत मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९७८ च्या ‘स्पेस इन्व्हेडर्स’च्या उभ्या कॅबिनेटमध्ये पडदा सरळ समोर नव्हता, त्याचे प्रतिबिंब आरशातून चंद्राच्या रंगवलेल्या देखाव्यावर पडत असे, आणि कृष्णधवल चित्राला रंग यावेत म्हणून रंगीत पारदर्शक पट्ट्या वापरल्या होत्या. खेळणाऱ्याला राक्षस त्या चंद्रावरच उतरत आहेत असे वाटे. सजावट आणि खेळ यांची इतकी एकरूपता घरच्या कॅबिनेटमध्ये करून पाहण्याचे धाडस कोणी केले, तर त्याचे पत्र वाचायला मला फार आवडेल.

प्रश्न : कंट्रोल पॅनलवर चिकटवलेले चित्र महिनाभरात मनगटाखाली झिजले. शिवाय बटणे बसवल्यावर पात्राचा अर्धा चेहरा झाकला गेला. पुन्हा करताना काय काळजी घ्यावी?

उत्तर : या भागावर घाम, तेल आणि घासणे तिन्ही रोजचे आहे. चित्र व्हिनाइलवर, म्हणजे मागे चिकट असलेल्या पातळ प्लास्टिकवर, छापून त्यावर किंचित खरखरीत पोताचे पॉलिकार्बोनेट (चिवट प्लास्टिक) लॅमिनेशन करून घ्या. गुळगुळीत चकचकीत लॅमिनेशनवर बोटांचे डाग दिसतात आणि दिव्याचे प्रतिबिंब डोळ्यांत येते. दुसरा मार्ग म्हणजे साध्या छपाईवर दोन-तीन मिलिमीटर जाडीची पारदर्शक शीट बसवणे. त्यासाठीही पॉलिकार्बोनेटच घ्यावे, कारण ॲक्रिलिकला बटणांची भोके पाडताना तडे जाण्याचा धोका अधिक असतो.

चेहऱ्याचे म्हणाल तर छपाईआधी साध्या कागदावर पूर्ण मापात पॅनल छापा, भोकांच्या जागी खरी बटणे ठेवा आणि खेळताना ठेवतो तसे दोन्ही हात वर ठेवा. हातांनी झाकल्या जाणाऱ्या जागी महत्त्वाचे काहीही नको. बटणाची कडा भोकापेक्षा काही मिलिमीटर बाहेर येते आणि जॉयस्टिकच्या दांड्याभोवतीची गोल चकतीही हलत असते, म्हणून अक्षरे भोकांच्या कडेपासून सेंटिमीटरभर दूर ठेवावीत. अमेरिकी धाटणीच्या बटणांना साधारण २८ ते २९ मिलिमीटरांचे आणि जपानी बटणांना ३० किंवा २४ मिलिमीटरांचे भोक लागते, तेव्हा बटणे हाती आल्याशिवाय चित्र पक्के करू नये. कागदी नमुन्याच्या कोपऱ्यात १०० मिलिमीटरांची एक रेषा काढून ठेवा आणि छापल्यावर ती पट्टीने मोजा. ती ९७ भरली तर प्रिंटरने चित्र पानात बसवण्यासाठी आखडले आहे आणि तुमची सर्व भोके चुकणार आहेत.

प्रश्न : प्रसिद्ध खेळांची पात्रे वापरणे बेकायदा आहे का?

उत्तर : ती पात्रे आणि नावे त्या त्या कंपन्यांच्या मालकीची असतात. तशी चित्रे छापून विकणे, किंवा त्या चित्रांसह कॅबिनेट विकणे, यासाठी मालकांची परवानगी लागते. घरातल्या एका कॅबिनेटबाबत कायदा देशोदेशी वेगळा आहे आणि छापणारेही कधी कधी नकार देतात. दुसऱ्या चाहत्याने मेहनतीने पुन्हा रेखाटलेली फाइल वापरायची असेल तर त्याला विचारावे, एवढे सौजन्य तर हवेच.

प्रश्न : बाजूचे व्हिनाइल लावताना बुडबुडे आले, आणि दुसऱ्या दिवशी आणखी नवे आले. ते काढून पुन्हा लावता येईल का?

उत्तर : लावताना आलेले बुडबुडे हवेचे आहेत, दुसऱ्या दिवशी आलेले बहुधा रंगाचे आहेत. हा फरक महत्त्वाचा आहे. एमडीएफवर लावलेला रंग हाताला कोरडा वाटला तरी आतून त्याची वाफ बरेच दिवस बाहेर पडत राहते, आणि वरून व्हिनाइलने कोंडल्यावर ती फुगे बनवते. तेलरंगाला तर आठवडेही लागू शकतात. नाक पृष्ठभागाशी नेऊन पाहा. रंगाचा वास येत असेल तर थांबा. छापलेल्या व्हिनाइलचेही तसेच आहे: सॉल्व्हंट शाईची छपाई निदान एक दिवस उघडी वाळू दिल्याशिवाय तिच्यावर लॅमिनेशन करू नये.

काढलेले व्हिनाइल ताणले जाते आणि पुन्हा नीट बसत नाही. म्हणून जे आहे ते वाचवण्याचा प्रयत्न करा. बारीक सुईने फुग्याच्या कडेला, मध्यावर नव्हे, तिरके भोक पाडा आणि अंगठ्याने हवा त्या भोकाकडे ढकला. केस वाळवण्याच्या यंत्राची हलकी ऊब दिली तर व्हिनाइल मऊ होऊन बसते.

पुढच्या वेळी पृष्ठभाग आधी घडवा. लांबी (पुट्टी) भरा, प्रायमर द्या, २२० आणि मग ३२० क्रमांकाच्या पॉलिश पेपरने घासा, कापलेल्या कडांना जास्तीचा प्रायमर पाजा आणि शेवटी किंचित ओल्या फडक्याने धूळ टिपा. तांदळाच्या कणीएवढा धुळीचा गोळाही व्हिनाइलखाली टेकडीसारखा दिसतो. पॅनल शक्यतो आडवे ठेवून, दोघांनी मिळून काम करावे. चित्र जागेवर ठेवून मध्यभागी कागदी टेपचा एक पट्टा आडवा लावा, वरचा अर्धा भाग खाली दुमडा, मागचा कागद टेपपर्यंत सोलून कापा आणि एकाने चित्र अलगद तोलून धरावे, दुसऱ्याने कापड लावलेली स्क्वीजी (दाबून फिरवायची सपाट पट्टी) मध्यापासून कडांकडे फिरवावी. मग टेप काढून दुसरा अर्धा भाग तसाच. व्हिनाइल कधीही ओढून बसवू नये; ताणलेले व्हिनाइल काही दिवसांनी आखडते आणि कडेला पांढरी रेघ सोडते.

पृष्ठभागावर साबणाच्या पाण्याचा फवारा मारून चित्र सरकवत बसवण्याची पद्धत पुष्कळ जण सांगतात. काच, धातू किंवा लॅमिनेटवर ती उत्तम आहे. एमडीएफवर मात्र, कडा पूर्णपणे बंद झाल्या असल्याची खात्री नसेल तर, मी ती सुचवणार नाही. पाणी एकदा कडेतून आत शिरले की लाकूड फुगते आणि ते परत बसत नाही. जास्तीचे व्हिनाइल नव्या ब्लेडने, कडेला टेकवून, एकाच फेरीत कापा आणि त्यानंतरच टी-मोल्डिंग ठोका.

प्रश्न : मोठी छपाई करून घेणे मला शक्य नाही. हाताने रंगवलेले कॅबिनेट ओबडधोबड दिसेल का?

उत्तर : तुमच्या पत्रातील संकोच काढून टाका. १९८० मध्ये मिडवे कंपनीने काढलेल्या ‘पॅक-मॅन’च्या पिवळ्या कॅबिनेटांच्या बाजू स्टेन्सिल (आकार कापलेला साचा) ठेवून, रंग फवारूनच रंगवलेल्या होत्या. ते चित्र आजही ओळखले जाते. सपाट रंग, मोठे आकार आणि स्वच्छ कडा एवढे साधले की हाताने केलेल्या कामाला छपाईपेक्षा अधिक दाट, अधिक जिवंत पृष्ठभाग मिळतो.

आधी संपूर्ण बाजूला मुख्य रंग द्या आणि तो पूर्ण वाळू द्या. मग फिक्या रंगापासून गडद रंगाकडे जा आणि काळ्या रेषा सर्वांत शेवटी ठेवा, कारण दोन रंगांमध्ये राहिलेली फट काळी रेषा झाकते. प्रत्येक रंगासाठी कागदी टेप किंवा चिकट फिल्म लावून आकार कापा; कापताना ब्लेडवर जोर देऊ नका, नाहीतर खालचा रंगही चिरला जातो. रंग टेपखाली झिरपू नये यासाठी एक खात्रीचा उपाय आहे. टेप लावल्यावर तिच्या कडेवरून आधी खालच्याच रंगाचा पातळ हात द्या. जे काही झिरपायचे ते त्याच रंगाचे झिरपते, फट बुजते आणि दिसत काहीच नाही. तो हात वाळल्यावर नवा रंग दोन-तीन पातळ थरांत द्या आणि शेवटचा थर चिकट असतानाच टेप सोला, तीही सरळ वर न उचलता, स्वतःवरच उलटी दुमडत, सावकाश.